आधी सनद वाच

चि. भाच्यास,



घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्ञानासाठी चीनपर्यंत जायला सांगणारी हदीस आली, तू ‘ही खरी कशावरून?’ एवढेच विचारलेस आणि पुढे महाभारत घडले. थोरल्या खालूंनी तुला बेअदब ठरवले. चुलतभावाने दुसरे टोक गाठले: हदीस म्हणजे दोनशे वर्षांनी लिहिलेल्या ऐकीव गोष्टी, सगळ्या बाद! ती हदीस कोणी कोणाकडून ऐकली, हे मात्र दोघांपैकी एकानेही पाहिले नाही. आता तू मामूचा सल्ला मागितला आहेस. बाजू नंतर घे, आधी सनद वाच.

चीनवाली हदीस प्रेषितांचे सहाबी (सोबती) अनस इब्न मालिक यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांच्याकडून ती ऐकल्याचा दावा करणारा रावी (हदीस पुढे सांगणारा) म्हणजे अबू आतिका. या गृहस्थाच्या हदिसा घेण्याजोग्या नाहीत, असा शेरा खुद्द इमाम बुखारींनी मारून ठेवला आहे. पुढे बगदादच्या इब्नुल जौजी यांनी (मृत्यू इ. स. १२०१) बनावट हदिसांचा ग्रंथ रचला, त्यात ही हदीस घातली. ज्या वाक्यासाठी खालूंनी तुला झापले, ते मोठमोठ्या आलिमांनी आठशे वर्षांपूर्वीच नाकारले होते. आणि चुलतभाऊ ज्यांना भाबडे समजतो, ते आलिम हेच. त्याच संदेशातले दुसरे वाक्य, ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज असल्याचे, इब्न माजा यांच्या संग्रहात सापडते. त्याच्या सनदाही कच्च्याच आहेत, पण ते अनेक वाटांनी आलेले असल्यामुळे काही विद्वानांनी त्याला ‘हसन’ (स्वीकारार्ह) दर्जा दिला. संदेश एक, वाक्ये दोन, निवाडे वेगवेगळे.

हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनाची किंवा कृतीची नोंद. तिचे दोन भाग असतात. मजकूर म्हणजे मतन, आणि तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला याची नावानिशी साखळी म्हणजे सनद. जमीन घेताना शहाणा माणूस सातबाऱ्यावर आजचे नाव पाहून थांबत नाही, मागचे सगळे फेरफार काढायला लावतो. मधला एखादा फेरफार सापडला नाही की व्यवहार तिथेच अडतो. मुहद्दिसांचे, म्हणजे हदिसेच्या विद्वानांचे, काम याच जातीचे होते.

एक सनद जवळून पाहा. ‘सहीह बुखारी’ उघडलास की पहिलीच हदीस येते ती निय्यतची, कर्माची किंमत हेतूवरून ठरते अशा आशयाची. बुखारींनी ती मक्केच्या हुमैदींकडून ऐकली, हुमैदींनी सुफ्यान इब्न उयैना यांच्याकडून, सुफ्यान यांनी मदिनेच्या याह्या इब्न सईद अन्सारींकडून, याह्यांनी मुहंमद इब्न इब्राहीम तैमींकडून, त्यांनी अल्कमा इब्न वक्कास यांच्याकडून आणि अल्कमांनी हजरत उमर यांना मिंबरावरून बोलताना ऐकले. ही नावे कागदावर उभी मांडलीस तर एक चमत्कारिक आकृती दिसेल. उमर, अल्कमा, तैमी, याह्या इथपर्यंत एकच बारीक रेघ. याह्या इब्न सईद यांचे निधन सुमारे इ. स. ७६० चे. त्यांच्यापासून मात्र एकदम फांद्या फुटतात: मदिनेत इमाम मालिक, कूफ्यात सुफ्यान सौरी, खुरासानात अब्दुल्लाह इब्न मुबारक, आणि असे कितीतरी.

ही आकृती जुन्या विद्वानांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. वरच्या टप्प्यांत एकेकच रावी आहे म्हणून ते तिला ‘गरीब’ (एकाकी) म्हणत, आणि तरीही प्रत्येक कडी खणखणीत आहे म्हणून ‘सहीह’ (अस्सल) मानत. विसाव्या शतकातले डच अभ्यासक युइनबोल अशाच आकृत्या पाहून वेगळा प्रश्न विचारत. जिथून फांद्या फुटतात, तो माणूस त्या मजकुराचा वाहक की कर्ता? पुरावा तोच, नावे तीच. फरक पडतो तो त्या बारीक रेघेवर किती भरवसा ठेवायचा, इथे. आपल्या ग्रुपवरच्या भांडणात हा खरा मुद्दा कोणी काढलाच नाही.

नावे विचारायची पद्धत पहिल्या दिवसापासून नव्हती, हेही लक्षात ठेव. प्रेषित मुहंमद (स.) यांचे निधन इ. स. ६३२ मध्ये झाले. बसऱ्याचे इब्न सीरीन (मृत्यू इ. स. ७२८) यांच्या नावावर एक साक्ष आहे, ती इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. तिचा आशय असा, की पूर्वी लोक सनद विचारत नसत, पण फितना म्हणजे यादवी माजली आणि तेव्हापासून ‘तुमच्या माणसांची नावे सांगा’ असे म्हणू लागले. फितना नेमका कोणता, यावरही वाद आहे. कोणी इ. स. ६५६ मधल्या हजरत उस्मान यांच्या खुनानंतरची यादवी धरतो, तर युइनबोल नंतरची, इब्न जुबैर यांच्या काळातली धरतात. एवढे मात्र उघड आहे, की माणसे गटातटांत वाटली गेली आणि प्रत्येक गटाला प्रेषितांच्या शब्दाचा आधार हवासा झाला, तेव्हा सनदेची गरज भासली.

‘दोनशे वर्षे सगळे तोंडीच होते’ हे चुलतभावाचे पालुपद घे. यात अर्धे तथ्य आहे. तोंडी सांगणे आणि पाठ करणे हाच राजमार्ग होता, पण हाताशी टिपणे असत. खलिफा उमर इब्न अब्दुल अजीज (कारकीर्द ७१७ ते ७२०) यांनी मदिनेच्या अबू बक्र इब्न हज्म यांना हदिसा लिहून काढण्याचा हुकूम दिला होता, कारण जाणकार माणसे एकेक करून जात होती. इब्न शिहाब जुहरी (मृत्यू इ. स. ७४२) यांच्यापासून लेखनाला जोर आला. त्याही आधीचा एक लिखित दुवा आपल्या शेजारच्या माणसाने उजेडात आणला. हैदराबादेत १९०८ साली जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि पुढे पॅरिसला स्थायिक झालेले डॉ. मुहंमद हमीदुल्लाह यांनी बर्लिन आणि दमास्कस इथल्या हस्तलिखितांवरून हम्माम इब्न मुनब्बिह यांचा ‘सहीफा’ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. हम्माम हे येमेनचे, हजरत अबू हुरैरा यांचे शिष्य. सहीफ्यात १३८ हदिसा आहेत. त्या पुढे इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू इ. स. ८५५) यांच्या ‘मुसनद’मध्ये जवळजवळ जशाच्या तशा एका जागी मिळतात, आणि बऱ्याच बुखारी-मुस्लिम यांच्याकडेही आहेत. मधल्या पिढ्यांनी मजकूर फारसा हलवला नाही, हे यातून ताडून पाहता येते. अबू हुरैरांनी जे सांगितले ते प्रेषितांचेच शब्द होते का, याचे उत्तर मात्र सहीफा देत नाही. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे.

आता बनावटीकडे वळू. खालूंना पटणार नाही, पण हदिसा रचल्या जात होत्या आणि ते सर्वांत आधी मुहद्दिसांनीच सांगितले. अब्बासी खलिफा महदी (कारकीर्द ७७५ ते ७८५) याला कबुतरांचा भारी नाद. त्याच्याकडे गियास इब्न इब्राहीम नावाचा माणूस आला. बाण, उंट आणि घोडा यांच्याच शर्यतीत पैज चालते, अशा अर्थाची एक हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई यांच्या संग्रहांत आहे. गियासने खलिफापुढे ती म्हटली आणि शेवटी हळूच एक शब्द जोडला, ‘किंवा पंख’. महदीने त्याला दहा हजार दिरहम दिले. तो पाठ फिरवून जायला निघाल्यावर खलिफा म्हणाला, की ही मान खोटारड्याची आहे, याची मी साक्ष देतो. मग आपल्यापायी प्रेषितांच्या नावावर खोटे बोलले गेले म्हणून त्याने कबुतरेच कापायला लावली. सोन्यासारख्या हदिसेला एक शब्द चिकटवला की काय होते, ते या किश्श्यात दिसते. पक्षी मेले, गियासचे दिरहम त्याच्याकडेच राहिले.

सगळेच लाचार दरबारी नव्हते. मर्वचा नूह इब्न अबी मरयम याने कुराणाच्या एकेका सूरेचे पुण्य सांगणाऱ्या हदिसा रचल्या. लोक फिक्ह (धर्माचा कायदा) आणि लढायांच्या कथा यांच्यात रमले, कुराणाकडे पाठ फिरवू लागले, म्हणून चांगल्या हेतूने रचल्या, असे त्याचे समर्थन नोंदले गेले आहे. ग्रुपवर येणारे बरेच संदेश याच वंशातले असतात. मातृभूमीचे प्रेम हा ईमानाचा भाग, हे वाक्य आपल्याकडे भाषणांत हमखास हदीस म्हणून येते. लाहोरला जन्मलेले हसन सगानी (मृत्यू इ. स. १२५२) यांनी ते बनावट हदिसांच्या यादीत घातले. वाक्य गोड आहे, देशावर प्रेम जरूर करावे, पण ते प्रेषितांच्या तोंडी घालायला सनद लागते.

याला उतारा म्हणून माणसे पारखण्याचे एक अख्खे शास्त्र उभे राहिले, ‘जरह व तादील’. बसऱ्याचे शुबा, बगदादचे याह्या इब्न मईन, त्यांचे समकालीन अली इब्न मदीनी ही त्यातली धाक वाटावा अशी नावे. रावी कधी जन्मला, कुठे राहिला, कोणाला भेटला, म्हातारपणी त्याची स्मृती कशी होती, हे सगळे टिपले जाई. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांचे उदाहरण घे. माणूस विद्वान, पण त्यांचे ग्रंथ आगीत जळाले आणि नंतर त्यांच्या सांगण्यात घोळ होऊ लागला. टीकाकारांनी त्यांना सरसकट बाद केले नाही. इब्न मुबारक किंवा इब्न वह्ब यांच्यासारख्या जुन्या शिष्यांनी त्यांच्याकडून घेतलेले अनेकांनी बरे मानले, उशिरा आलेल्यांचे बाजूला ठेवले. ‘मी ऐकले’ आणि नुसते ‘अमुककडून’ यांतही ते भेद करत, कारण नुसत्या ‘अमुककडून’मध्ये मधला एखादा बदनाम रावी दडपता येतो. दोन रावी समकालीन असणे पुरेसे, की त्यांची भेट झाल्याचे सिद्ध व्हायला हवे? यावर इमाम मुस्लिम यांनी प्रस्तावनेत चांगलेच शब्दांचे फटकारे ओढले आहेत. आणि तुझ्या बहिणीला हे मुद्दाम सांग: चौदाव्या शतकातले दमास्कसचे जहबी, ज्यांनी हजारो कच्च्या रावींचा पंचनामा केला, ते लिहितात की बनावटीचा आरोप असलेली एकही स्त्री त्यांना माहीत नाही.

तारखांचा उपयोग कसा होई, याचा नमुना अकराव्या शतकातल्या बगदादमध्ये मिळतो. खैबरच्या ज्यूंना प्रेषितांनी जिझियातून (बिगर-मुस्लिमांवरच्या करातून) सूट दिली, असा एक दस्तऐवज वजिरापुढे आला. वजिराने तो खतीब बगदादी (मृत्यू इ. स. १०७१) यांना दाखवला. खतीब यांनी साक्षीदारांची नावे वाचली आणि कागद खोटा असल्याचे सांगितले. एक साक्षीदार मुआविया. ते इ. स. ६३० मध्ये मक्का जिंकली गेली तेव्हा मुसलमान झाले, खैबरचा विजय तर ६२८ चा. दुसरे साद इब्न मुआज. ते ६२७ मध्येच वारले होते. इतिहासाच्या वर्गात तुला कागदपत्र तपासायचे जे धडे मिळतील, त्यांत हा चपखल बसेल.

मजकुराची तपासणी होत नसे, सगळा जोर सनदेवरच असे, हा आरोप तू ऐकशील. त्यात तथ्य आहे, पण पुरते नाही. घरचे रडले की मृताला यातना होतात, अशी हदीस अब्दुल्लाह इब्न उमर सांगत. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांनी ती ऐकून हरकत घेतली. इब्न उमर खोटे बोलत नाहीत, पण विसरले किंवा चुकले, असे त्यांचे म्हणणे. प्रसंग एका ज्यू बाईच्या मृत्यूचा होता आणि बोलणे वेगळे होते. शिवाय एकाचे ओझे दुसऱ्यावर पडत नाही, हे कुराणच सांगते. आयशांच्या अशा दुरुस्त्या कैरोच्या जर्कशींनी (मृत्यू इ. स. १३९२) एका पुस्तकात गोळा केल्या. बुखारी आणि मुस्लिम यांनी इब्न उमर यांचे कथन आणि आयशांचा आक्षेप, दोन्ही आपल्या संग्रहांत ठेवले. वाद झाकावा असे त्यांना वाटले नाही.

बुखारींबद्दल दोन शब्द. जन्म बुखाऱ्याचा, इ. स. ८१०, मृत्यू समरकंदजवळ, ८७०. सहा लाख हदिसांतून त्यांनी निवड केली असे सांगतात. हा आकडा ऐकून चुलतभाऊ म्हणेल, बघा, बाकीच्या सगळ्या खोट्या! तसे नाही. एकच मजकूर दहा सनदांनी आला तर त्या दहा हदिसा मोजल्या जात. ‘सहीह’मध्ये पुनरुक्ती धरून सात हजारांवर हदिसा आहेत, पुनरुक्ती वगळून इब्न हजर (मृत्यू इ. स. १४४९) यांनी त्या सुमारे २६०० मोजल्या. बगदादला बुखारींची परीक्षा झाल्याची कथा तुला ठाऊक असेल: दहा जणांनी शंभर हदिसांच्या सनदा आणि मतने उलटसुलट जोडून विचारली, बुखारींनी आधी सगळ्या नाकारल्या आणि मग एकेक सुधारून दिली. कथा छान आहे. पण ती सांगणारे इब्न अदी (मृत्यू इ. स. ९७६) आपण ‘अनेक शेखांकडून’ ऐकली म्हणतात, त्या शेखांची नावे देत नाहीत. हदिसेला लावायचा नियम या कथेला लावून बघ.

‘सहीह’वर बोट ठेवायचे नाही, असेही नव्हते. बगदादचे दारकुत्नी (मृत्यू इ. स. ९९५) यांनी बुखारी आणि मुस्लिम यांच्यातल्या सुमारे दोनशे हदिसांवर आक्षेप घेतले, इब्न हजर यांनी त्यांना मुद्देसूद उत्तरे दिली, पण प्रत्येक ठिकाणी उत्तर समाधानकारक नाही हेही मान्य केले. ग्रंथाची स्वतःचीही सनद आहे. बुखारींचे शिष्य फिरब्री, पुढे कुश्मीहनी, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या मर्वच्या करीमा. या बाईंनी मक्केत ‘सहीह’ शिकवली आणि वर आलेले खतीब बगदादी त्यांच्यापुढे बसून ती वाचून गेले. हे सगळे सुन्नी परंपरेचे झाले, शिया परंपरेचा संसार वेगळा आहे. कुलैनींच्या (मृत्यू इ. स. ९४१) ‘काफी’त सुमारे १६ हजार रिवायती आहेत, आणि सतराव्या शतकात मजलिसींनी त्यांतल्या कच्च्या-पक्क्या वेगळ्या केल्या. ‘मुसलमान असे मानतात’ असे सरसकट वाक्य लिहिण्याआधी हे ध्यानात घे.

युरोपातल्या अभ्यासाची ओळख करून घे, पण कोणाचा भक्त होऊ नकोस. हंगेरीचे गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये मांडले, की बऱ्याच हदिसा नंतरच्या पक्षोपपक्षांचे आरसे आहेत. जोसेफ शाख्त यांनी १९५० मध्ये कायद्याच्या हदिसांबाबत आणखी कडक भूमिका घेतली: सनदा कालांतराने मागे वाढत गेल्या, आणि जितकी सनद चोख तितकी ती उशिराची. त्याला मऊ या गावाहून केंब्रिजला गेलेले मुस्तफा आझमी यांनी १९६८ च्या ग्रंथात सविस्तर उत्तर दिले. जर्मन अभ्यासक हॅरल्ड मोट्झकी यांनी तर शाख्त यांच्याच अंगणात जाऊन तपास केला. येमेनच्या अब्दुर्रज्जाक (मृत्यू इ. स. ८२७) यांचा ‘मुसन्नफ’ अकरा खंडांत संपादित केला होता मऊच्याच हबीबुर्रहमान आझमींनी. त्यात इब्न जुरैज हे मक्केच्या अता यांना प्रश्न विचारताना दिसतात आणि अता बहुतेक वेळा प्रेषितांचा हवाला न देता आपले मत सांगतात. मोट्झकी म्हणतात, कोणी मागाहून रचले असते तर प्रत्येक उत्तराला प्रेषितांची सनद चिकटवली असती. हा ओबडधोबडपणाच खरेपणाकडे बोट दाखवतो. यातून आपण आठव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खात्रीने पोचतो. त्यामागे जायला वाट अरुंद होते.

ही विद्या अरबस्तानापुरती राहिली, असे समजू नकोस. ‘कन्जुल उम्माल’ हा ४६ हजारांहून अधिक नोंदींचा संग्रह रचणारे अली मुत्तकी जन्माने बुऱ्हाणपूरचे, म्हणजे जुन्या खानदेशचे, मक्केत इ. स. १५६७ मध्ये वारले. त्यांचे शिष्य, गुजरातेतल्या पाटणचे मुहंमद ताहिर, यांनी बनावट हदिसांवरच पुस्तक लिहिले. आणि रावींच्या चरित्रांचा इब्न हजर यांचा बारा खंडी कोश ‘तहजीबुत् तहजीब’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापला तो १८८८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या दायरतुल मआरिफने, औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी ज्या संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या आश्रयाने.

आता कामाचे बोलू. ग्रुपवर पुन्हा काही आले तर ‘खोटे आहे’ असे लिहू नकोस. कोणत्या संग्रहात आहे आणि कोणी काय दर्जा दिला, एवढेच विचार. खालूंचा मान राख. त्यांना ‘बुखारी काय म्हणतात’ असे विचारलेस तर ते स्वतःच पुस्तक काढतील. अरबी या वर्षीच सुरू कर, बऱ्याच भाषांतरांत सनद गाळलेली असते. आणि दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा रडण्याच्या त्या हदिसेच्या दोन सनदा, इब्न उमर यांची आणि आयशांची, एका मोठ्या कागदावर उभ्या काढून आण. प्रत्येक नावाखाली मृत्यूचे साल आणि गाव लिही. जिथे दोन नावांमधले अंतर जास्त वाटेल तिथे लाल खूण कर. तिथून आपण बोलायला सुरुवात करू.

अम्मीला सलाम सांग.

तुझा,
मामू